झाकणावरचं कुंकू

गडमुडशिंगी,
वसुबारसेचा आदला दिवस, २००४

प्रिय निशा,

बेंगलोरला जाताना स्टँडवर तू एक प्रश्न विचारलास आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसलीस. त्याचं उत्तर शेवटी. आधी तुझ्या बोर्डाची खुशाली, कारण फोनवर तू पहिल्यांदा त्याचीच चौकशी करतेस, बापाची नंतर.

यंत्रासाठी तू आखलेला तो हिरवा सर्किट बोर्ड दसऱ्यानंतर प्रसेनजीतचं ऐकेनासा झाला आणि आजऱ्याच्या गणपतरावांचं काजू निवडायचं यंत्र आपल्या शेडमध्येच अडकलं. दिवाळीपर्यंत ते चाललं नसतं, तर गणपतराव बाहेरून दुसरं आणणार होते, म्हणजे तुझ्या नि प्रसेनजीतच्या कारखान्याचं पहिलंच गिऱ्हाईक गेलं असतं. त्या मधल्या चिपचं, तुमच्या एफपीजीएचं, मर्म प्रसेनजीतनं मला समजावलं: आपण लिहून देऊ ते सर्किट ती बनते आणि वीज गेली की सगळं विसरते. मी म्हटलं, असे विद्यार्थी मी नोकरीभर शिकवलेत. पण ही शिकायलाच बसेना. कॉम्प्युटरनं ओळख विचारली की दर वेळी वेगळाच आकडा सांगायची. आकडे वाचायचं काम माझं. मी शुद्ध उच्चारात वाचायचो आणि तो डोकं धरून बसायचा. त्यानं केबल बदलली, मग आखूड केली, वेग कमी केला, व्होल्टेज मोजून झालं. काही उपयोग नाही.

गंमत अशी, की चिप दुपारी शहाणी आणि सकाळी वेडी. प्रसेनजीतनं तेच पकडलं. सकाळी दव, दुपारी ऊन. म्हणजे कुठंतरी ओल आहे. केबल जोडायच्या पिनांवर भिंग धरलं, तर बुडाशी लाल रेघ! खंडेनवमीला तुझ्या आक्काआत्यानं खुरपं, कोयता आणि माझ्या लाल पेनाबरोबर तुझ्या बोर्डालाही हळद-कुंकू वाहिलं होतं, वर पाणीही शिंपडलं होतं. उभ्या पिनांची ओळ तिला कपाळ वाटली असावी. कुंकू ओल धरायचं आणि एका पिनेचं बोलणं शेजारणीच्या कानात जायचं. आपल्या गल्लीसारखंच.

आक्का दारातच उभी होती. पिनांवरून फिरवलेल्या कापसावरची लाली बघून म्हणाली, "माझ्यामुळं झालं व्हय रं?" प्रसेनजीतच्या घरी पूजा नसते, हे तुला सांगायला नको. दुसऱ्या कुणी तिथंच व्याख्यान दिलं असतं. मी तर नक्कीच. तो म्हणाला, "न्हाय आक्का, झाकण बसवायचं माझ्याकडनं ऱ्हायलं." स्पिरिटनं पिना पुसल्या, वाळवल्या आणि चिपनं पहिल्याच हाकेला आपलं खरं नाव सांगितलं. मग त्यानं पत्र्याचं झाकण कापून बसवलं, आक्काला बोलावलं आणि म्हणाला, "फुडच्या नवमीला ह्याच्यावर लावा. कितीबी लावा."

त्याचा चहा आजवर शेडमध्येच जायचा, वेगळ्या कपातून. का, ते तुला, मला आणि त्यालाही ठाऊक. त्या दिवशी आक्का चहा घेऊन गेलीच नाही. स्वयंपाकघरातून ओरडली, "पोरा, आत ये की! पाट काय शेडात मांडू?" चपला काढून तो क्षणभर उंबऱ्याशी थांबला. मग आत आला. कप घरचाच होता. तो कानतुटका, तुझा लाडका.

यंत्र आजऱ्यात छान चाललंय. आता तुझा प्रश्न: प्रसेनजीत जावई म्हणून या घरात चालेल का? माझं "हो" स्टँडवरच तयार होतं, पण नुसतं माझं घेऊन तू काय करणार होतीस? दिवाळीनंतरच्या रविवारी आक्का स्वतः शेवंताबाईंकडं, त्याच्या आईकडं, तुझ्यासाठी बोलणी करायला जाते म्हणतेय. लुगडं काढून ठेवलंय. मला ताकीद मिळाली आहे, "तू गप बसायचं. तुझं संस्कृत तिथं कुणाला कळायचं न्हाय." पण तुझ्या होकाराशिवाय तिला कसं जाऊ देऊ? म्हणून हे पत्र. मिळाल्याबरोबर फोन कर. या वेळी बोर्डाचं काही विचारू नकोस, आक्काला नुसतं "जा" म्हण. पत्र अजून टपालात पडायचंय, तरी कालपासून ती फोनजवळ स्टूल टाकून बसली आहे आणि मला रिसीव्हरला हात लावू देत नाही.

तुझाच, न विचारताही खुशाल असलेला,
आबा