मधल्या स्पीकरची तार

३ नोव्हेंबर, सोमवार

हॉलला रंग द्यायचाय. पेंटर म्हणाला, "काका, परवा नऊच्या आत भिंत मोकळी पाहिजे. नाहीतर मी दुसऱ्या कामाला लागलो!" म्हणजे टीव्ही, कपाट आणि ते होम थिएटरचं जंजाळ, सगळं सोडवायचं. दोन वर्षांपूर्वी मीच जोडलं होतं. ही म्हणत होती, दुकानातला माणूस येतो, त्याला जोडू द्या. मी म्हटलं, कारखान्याचं स्टोअर पंचवीस वर्षं सांभाळतोय, मला चार तारा जोडता येणार नाहीत?

४ नोव्हेंबर, मंगळवार

कामावरून लवकर आलो. तारा सोडवल्या. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली: टीव्हीपासून खोक्याकडे, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचे दोन, जमिनीवरचा घुमणारा डबा, मधला. ही बघून म्हणाली, "माझ्या डाळींच्या डब्यांना दहा वर्षं चिठ्ठ्या मागतेय!"

कपाटामागे धूळ, दोन पेनं आणि आत्याचं बोराएवढं बटण सापडलं. बटण खिशात ठेवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

रंग. घरभर वास. डोकं दुखतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

संध्याकाळी सगळं परत जोडायला बसलो. चष्मा लावून, टॉर्च घेऊन. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली असतो. सिनेमातली माणसं जे बोलतात ते बहुतेक त्यातूनच येतं. बाकीच्यांतून गाणी, गडगडाट, गाड्या. हे सगळं पुस्तिकेत छापलेलं आहे. मी तेव्हा चित्रं पाहून काम उरकलं होतं.

मधल्याची तार तेव्हा आखूड पडली होती. बाजारातून जास्तीची आणली आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने टोक सोललं. आज ते टोक टॉर्चखाली धरलं. तांबं तिळाएवढं उघडं! स्पीकरमागच्या चिमट्याच्या दातांचे वण सगळे वरच्या प्लास्टिकवर. म्हणजे दोन वर्षं चिमट्याने प्लास्टिकच घट्ट धरून ठेवलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला तार एकदम पक्की. ओढली तरी सुटायची नाही. आत मात्र काहीच पोचत नव्हतं.

ते टोक कापून टाकलं, नव्याने बोटभर सोललं, पीळ दिला, बसवलं. सुरू केलं.

ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "कोण आलंय हो?"

कोणी नव्हतं. टीव्हीतला माणूस बोलत होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

देवापुढे दिवा लावला. डोळे मिटवेनात.

आत्यानेच मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, धाकटा दोन वर्षांचा. हात धरून शाळेच्या दारापर्यंत न्यायची आणि सुटेपर्यंत समोरच्या झाडाखाली बसायची. तिला अक्षरओळख नाही. घरी आलो की, "मास्तर, आज काय शिकलात? वाचा बघू." मग मी पुडीचा कागदसुद्धा वाचून दाखवायचो. अजून मला मास्तरच म्हणते.

होम थिएटर आणलं त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "मास्तर, तुझ्या पेटीत भांडी पडतात, घोडे पळतात, पण माणसं मुकी आहेत रे." आम्ही हसलो. आठवडाभर रोज तेच. मग हसणं थांबलं आणि मला वाटायला लागलं, हिचे कान गेले.

मी परीक्षासुद्धा घेतली! सिनेमा लावला, मध्येच थांबवला, विचारलं, "आत्या, तो काय म्हणाला?" ती म्हणाली, "मला काय विचारतोस? नुसतं तोंड हलवतोय मेला." मी हिच्याकडे बघितलं. हिने मान हलवली. आम्हाला दोघांनाही तो काय म्हणाला ते ठाऊक होतं.

कारण खाली लिहून येत होतं. त्या पेटीवर लावायचो ते बाहेरचे सिनेमे, हिंदीत डब केलेले, आणि अक्षरं खाली कायमच चालू. आवाज पुसट आहे हे लक्षातच आलं नाही. आम्ही वाचत होतो आणि ऐकतोय असं समजत होतो. घरात खरोखर ऐकत होती ती एकटी.

तेव्हा एक ओळसुद्धा तिला वाचून दाखवली नाही. मास्तर!

८ नोव्हेंबर, शनिवार

कानाचे डॉक्टर सरळ म्हणाले होते, "वयाच्या मानाने चांगलं ऐकू येतंय. थोडं कमी आहे, पण यंत्राची घाई नको." मीच हटून बसलो. "डॉक्टर, घरात तिला काही म्हणजे काही कळत नाही." आत्या शेजारच्या खुर्चीत होती. यंत्र कानात घालून घेतलं.

त्यानंतर ती गप्प झाली. हाक मारली तरी वळून बघायची नाही. मी म्हणायचो, बघा, वाढतंय. एकदा दुसऱ्या खोलीतून बरोबर उत्तर दिलं, तर मी हिला म्हटलं, अंदाजाने बोलली. एकदा बहिरी ठरवल्यावर तिने काहीही केलं तरी ती बहिरीच!

धाकट्याला फोन केला. आत्या मार्चपासून त्याच्याकडे आहे.

"दादा, आत्या आणि बहिरी? अरे, परवा गच्चीवरून खाली दूधवाला काय पुटपुटला ते ऐकून त्याच्याशी भांडली! म्हणे, पाणी घातलंस ते घातलंस, वर मला म्हातारी म्हणतोस?"

"आणि यंत्र?"

"ते पहिल्या दिवसापासून सुयादोऱ्याच्या डब्यात. म्हणते, कानात डास गुणगुणतो. मला वाटलं, तिचं तिला बरं वाटलं असेल."

हिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "म्हणजे तिला ऐकू येत होतं? पहिल्यापासून? सगळंच?" मी हो म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली.

९ नोव्हेंबर, रविवार

आत्या गेली तो मार्चचा आठवडा आठवतो. लेकीला कंपनीने घरून काम करायला सांगितलं होतं, तिला दार लावून बसायला खोली हवी होती. मागची खोली आत्याची. आम्ही दोघं सोफ्यावर डोकं धरून बसलो होतो, करायचं काय? आत्या समोर खाली बसून भाजी निवडत होती. आणि दोनच दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "मास्तर, मला जरा धाकट्याकडे राहावंसं वाटतंय."

मला केवढं हलकं वाटलं होतं! त्या संध्याकाळी देवापुढे हात जोडले. म्हटलं, न मागता मार्ग दाखवलास.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हॉल छान दिसतोय. टीव्ही लावलेला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीने धाकट्याकडे जाऊन आलो. खिशात ते बटण आणि कापलेलं तारेचं टोक.

आत्या खिडकीशी बसून धाकट्याच्या सदऱ्याला टाके घालत होती. मी जमिनीवर बसलो. तारेचं टोक तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. वाटेत शब्द जुळवले होते, ते कुठल्या कुठे गेले. "तुझे कान चांगले होते, आत्या. चूक माझी होती."

तिने टोक उजेडात धरून फिरवून बघितलं. मग हसली. "एवढंच? तू आलास तो असं तोंड करून, मला वाटलं कोण गेलं!"

"तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

"शिकलेल्या माणसाला अडाण्याने किती वेळा सांगायचं?" असं म्हणाली, पण माझ्या डोक्यावर हात ठेवूनच. बटण ओळखलं. "हे माझ्या निळ्या झंपराचं! कुठं सापडलं?" तारेपेक्षा बटणाचाच तिला आनंद जास्त.

मी म्हटलं, घरी चल. लेकीचं टेबल हॉलमध्ये हलवू, तुझी खोली आहे तशी करून देतो.

"नको रे. मला इथं करमतं."

दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. दर वेळी तेच, हसून. परत आलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल एक लिहायचं टाळलं.

निघताना मी दारात चपला घालत होतो. आत्या मागे उभी होती. अगदी हळू म्हणाली, "'आत्या आहे तोवर ती खोली काही आपली होत नाही' — असंच म्हणाला होतास ना रे, मास्तर?"

शब्द न् शब्द माझे. त्या सोफ्यावरचे.

देवा, आणि मी तुझ्यापुढे हात जोडले होते.