रडक्या खिडक्या, कोरडे लंगोट

तुझ्या खिडक्या रडतात. रोज सकाळी आधी त्यांचे डोळे पुसते, मग माझं तोंड धुते. जुन्या खिडक्यांतून वारा यायचा, पडदे नाचायचे, पण आत पाण्याचा टिपूस नसायचा. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

चि. कॅलमला आजीचे आशीर्वाद. ब्रिस्बेनला हिवाळ्यातही ऊन असतं म्हणे, टोपी घालत जा. माझे गुडघे जिथे होते तिथेच आहेत.

आता ऐक. सुट्टी घेऊन आलास, स्वतः रंधा मारून या म्हाताऱ्या घराला दुहेरी काचांच्या लाकडी खिडक्या बसवल्यास, ते मी विसरलेले नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हिवाळ्यात कोट घालून झोपत होते (तुझे आजोबा बूटसुद्धा घालायचे, पण ते आळसानं). या जुलैच्या थंडीत पहिल्यांदा माणसासारखी झोपले. बाळा, देव तुझे हात शाबूत ठेवो. पण काचेवर आतून पाणी, खाली चौकटीवर तळं. मी म्हटलं, पोरानं ओलं लाकूड वापरलं, आणि तसं गल्लीभर सांगितलंही.

मग गोर गावी चुलतबहिणीच्या मयताला गेले ते तिथेच राहिले थोडे दिवस. परत येऊन बघते तर काचा ठणठणीत कोरड्या. म्हणजे खिडक्यांना त्रास माझाच. चूल पेटवली, सूपचं पातेलं चढवलं, छताच्या दांडीवर कपडे टाकले, की लागल्या मुसमुसायला. पूर्वी ही सगळी वाफ फटींतून पळायची. तू फटीच ठेवल्या नाहीस. जाताना म्हणाला होतास, रोज सकाळी जरा उघडत जा. पण जन्मभर फटींत वर्तमानपत्रं कोंबलेल्या बाईला घट्ट बसणारी खिडकी द्यायची आणि वर ती उघड म्हणायचं, हे कुठलं शहाणपण? (आता उघडते, दातओठ खात. काचा आता कमी रडतात. तुझं नावही गल्लीभर फिरून धुऊन आणलं.)

पण त्याआधीच तुझी आई येऊन गेली. काचेवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "आई, घर ओलं झालंय. तुझ्या छातीला झेपायचं नाही. वृद्धाश्रमात तुझं नाव घालून आलेय."

"लॉर्ना, काच ओली आहे, मी नाही."

"आणि एकट्या बाईचे एवढे कपडे कसे गं निघतात?"

म्हटलं, म्हातारपणी माणूस जास्त मळतं.

तुझी आजी,
नेटा

ता. क. कपडे माझे नाहीत. शेजारच्या मेरेआनाच्या जुळ्यांचे लंगोट आहेत. तिच्या घरात आतल्या भिंतीला बर्फ धरतो, तिथे काय वाळणार? आणि ऊब आहे ती तुझ्यामुळे माझ्याच घरात. तिनं मागितलं नव्हतं, मीच टोपली ओढून आणली. तुझ्या आईला कळलं तर ती मेरेआनाच्या दारात जाऊन उभी राहील, आणि मग ती मानी पोर पुन्हा टोपली देणार नाही.

आणखी एक. या उन्हाळ्यात येऊन तिच्या घरालाही अशाच खिडक्या बसव. जेवण माझ्याकडे, चीज रोल हवे तितके. तोवर तुझ्या आईला समजाव की घर धडधाकट आहे, आणि वृद्धाश्रमाच्या यादीतून माझं नाव काढायला सांग. तू सुतार आहेस, तुझं ऐकेल. वृद्धाश्रमात दुसऱ्यांचे कपडे वाळत घालू देत नाहीत, मी विचारून घेतलंय.

उत्तर तू स्वतः लिहायचंस. बायकोला लिहायला लावू नकोस, ती तुझ्या आईला सगळं सांगते.