आधीच जोडलेले ठिपके

३ डिसेंबर

सापडली! सगळीच्या सगळी. आईचं घर रिकामं करताना, तिच्या कपाटात, हिवाळी कोटांच्या मागे – माझी नाताळची ॲन्युअलं, दरवर्षी निघणारी ती मुलांची गोष्टी-कोड्यांची पुस्तकं. तोच जाड पुठ्ठा, तेच चकचकीत चित्र, आणि त्यावर येणाऱ्या वर्षाचा आकडा. त्या आकड्याचं मला केवढं अप्रूप होतं! नाताळच्या सकाळी पलंगाच्या पायथ्याशी भेटींसाठी ठेवलेल्या उशीच्या अभ्र्यात हात घालायचा, ते चौकोनी जड काहीतरी चाचपायचं, की वाटायचं – पुढचं वर्ष सगळ्या गल्लीत मला पहिलं मिळालं. ७४चं, टीव्हीवरच्या अंतराळवीरांचं. ७६चं, कॉमिकातल्या वांड पोरांचं. दिवसभर शेगडीसमोर पालथी पडून वाचायचे. टर्की गार व्हायची. बाबा ओरडायचे, "लिनेट, पुस्तकच खाणार आहेस का आज?"

वास घेतला. शाईचा, आणि जरासा मेणाच्या खडूचा.

मग ते पान उघडलं. विसरलेच होते मी. खोटं! विसरले नव्हते.

४ डिसेंबर

लिहूनच टाकते एकदा. प्रत्येक ॲन्युअलमध्ये एक पान आधीच केलेलं असायचं. नव्याकोऱ्या पुस्तकात! नेहमी तेच – ठिपके जोडा. लाल खडू. आकडे बघायचेच नाहीत, जवळचा ठिपका जवळच्या ठिपक्याला, गोल गोल. एवढा दाबून की वळ मागच्या पानावर. हत्ती व्हायचा तिथे लाल जंजाळ.

"आई, हे कोणी केलं?"

"दुकानातूनच तसं आलं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. दूध पी."

मग मीच ठरवलं की आपल्या घरात कोणीतरी राहतं. माझ्याआधी उठतं, माझ्याआधी पुस्तक उघडतं. मी त्याला 'आधीचा' म्हणायचे. जिन्याखालच्या फळीमागे तो असणार, याची मला खात्री होती. नाताळच्या आधी एका शनिवारी आई एकटीच बसने खरेदीला जायची, अंधार पडल्यावर परतायची, डोळे लाल. "वारा किती आहे बाई!" त्या शनिवारी घरात बाबा आणि मी. मी जिन्याकडे पाठ करून बसत नसे.

एका वर्षी ते पान टराटरा फाडलं आणि शेगडीत टाकलं. आईनं थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकदाच. मग न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडून बसली. मला वाटलं, मी आधीच्याला जाळलं म्हणून आता तो मला धरणार.

५ डिसेंबर

कपाटाचं दार लावून त्याला खुर्ची टेकवली. अठ्ठावन्न वर्षांची बाई! कमाल आहे.

७ डिसेंबर

माझ्या गठ्ठ्याखाली आणखी एक गठ्ठा आहे. तो माझा नाही.

तेरा वर्षांची झाल्यावर मी सांगितलं होतं, "मी काय कुक्कुलं बाळ आहे आता? मला रेकॉर्ड आण." आईनं आणली. मला वाटलं, संपलं. आणि ही घेतच राहिली! मी लीड्सला गेले, लग्न केलं, मोडलं, बाबा गेले – दर नाताळला एक ॲन्युअल. प्रत्येकात तेच पान लाल. बाकीची पानं कोरी, काही तर एकमेकांना चिकटलेली. कोडी तशीच, चक्रव्यूह तसेच, 'हे पुस्तक कोणाचं?' खालची रेघ रिकामी.

आई करत होती का हे? स्वयंपाकघरात एकटी बसून, खडू मुठीत धरून? एवढी एकटी होती ती, आणि मी रविवारी दहा मिनिटं फोन करून मोकळी.

सगळ्यात वर २०२५चं. शेवटच्या आजारपणाआधीच आणून ठेवलेलं. त्यात काही नाही. ठिपके जागच्या जागी. आई गेली आणि आधीचाही थांबला.

८ डिसेंबर

हिल्डामावशीला फोन केला. आईची एवढी एकच बहीण उरली आहे.

"रद्दी ती. देऊन टाक धर्मादाय दुकानात."

"पण मावशी, तो खडू कोणाचा –"

"तिथं हीटर लावलाय ना गं? बर्नलीत गारठा आहे आज." आणि ठेवलाच.

हिला ठाऊक आहे.

१२ डिसेंबर

भांडी कागदात गुंडाळत होते. आईचा फोन वाजला – तो बंद करायचा राहूनच गेला होता. एक तरुण मुलगी, एका दमात –

"एडना? मी बेथनी, मोरकमच्या केअर होममधून. शनिवारी येताय ना? नेव्हिल सोमवारपासून कोट चढवून दारात बसतोय हो! पुस्तक, पुस्तक, दुसरं बोलणं नाही."

म्हटलं, एडना नोव्हेंबरात वारली. मी मुलगी तिची. नेव्हिल कोण?

पलीकडून अगदी हळू, "तुम्हाला खरंच माहीत नाही? तुमचा भाऊ."

१३ डिसेंबर

मावशीकडे गेले. कोटसुद्धा काढला नाही. तिनं नाताळचा गोड मिन्स-पाय पुढे केला, मी ताटली सरकवली. मग बोलली.

"तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा. डॉक्टर म्हणाले, हा बुद्धीनं असाच लहान राहणार, याला विसरा, दुसरं होऊ द्या. तुझ्या बापानं विसरायचं ठरवलं. घरात नाव काढायचं नाही."

"आणि आई?"

"ती जायची. तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात होता. तिथं पोराजवळ काही ठेवलं की संध्याकाळपर्यंत फाटायचं नाहीतर जायचं. म्हणून पुस्तक न्यायची, त्याला एक पान करू द्यायची, नि घरी आणायची. तुला."

"बाबा गेल्यावर तरी सांगायचं!"

"आज सांगते, उद्या सांगते, करत राहिली. मग तिला तुझीच भीती वाटायला लागली, पोरी."

संताप आला. मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? आणि मी जे जाळलं, ते त्याचं त्या वर्षाचं एकुलतं एक पान होतं.

१४ डिसेंबर

मोरकम. पांढरे केस, बाबांचं नाक. "एडना गेली," तो मला म्हणाला. बेथनीनं सांगितलं होतं त्याला. मी २०२५चं ॲन्युअल दिलं. त्यानं खिशातून लाल खडू काढला, पान बरोबर शोधलं, ठिपके जोडले – आपल्या पद्धतीनं. मग पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"अजून कर ना, नेव्हिल. सगळं तुझंच आहे."

चिडला. "नाही! माझं एक. बाकी लिनीचं."

"लिनी कोण?"

"माझी बहीण. लहान आहे ती. घरी वाट बघतेय. घेऊन जा लवकर."