मरळ सोडली

रविवार, संध्याकाळ

आज बाबांसोबत तलावावर गेले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तोंडानं काही मागितलं होतं, मरळीचा रस्सा.

पाण्यावर लालसर मासोळ्यांची झुंड उसळत होती. मला वाटलं, मरळ त्यांना खायला आली असेल. गळाला लावलेला रबरी बेडूक झुंडीपलीकडे टाकला आणि पाण्यावरून ओढला. मरळ त्याच्यावर तुटूनच पडली. काठावर ओढली, दोन किलोची तरी असेल.

"तिचीच पिल्लं आहेत ते. त्यांना राखून राहिली होती," बाबा म्हणाले.

मी गळ काढला, तिला सोडलं. पिल्लांकडे गेली का? दिसलं नाही.

"काहून सोडली वं?" त्यांनी विचारलं.

घरी बाबा वरणभातच जेवले. रागावलेत का? पण पिल्लांचं मला सांगितलं तरी कशाला?