सकाळची पानं

६ एप्रिल

माफ कर, वही. जानेवारीनंतर थेट आज. मागचं काही न वाचता सरळ कोरं पान उघडलंय. इतके दिवस का गप्प होते, ते विचारू नकोस.

धुळ्याच्या आमच्या वाईनरीच्या लॅबमध्ये आज हिलाल आबांच्या भडगावच्या मळ्यातल्या द्राक्षांची पांढरी वाईन चाखली. पेरूचा, कापलेल्या गवताचा तो ताजा वास — नाहीच! काहीतरी उकडल्यासारखं. घशाशी कडवट. तीनदा ग्लास धुऊन पाहिलं. तेच.

कारण माहीत आहे. फेब्रुवारीत घडांवर तपकिरी डाग पाहिले होते. घडांजवळची पानं काढायची ती फक्त उगवतीकडची — कोवळं ऊन लागतं, वारा खेळतो, वास खुलतो. मावळतीकडची राखायची. आपल्याकडचं दुपारचं ऊन घड भाजून काढतं. आबांनी दोन्हीकडची काढली.

७ एप्रिल

अहवाल दिला. 'शेतकऱ्याने सूचना डावलून दोन्ही बाजूंची पाने काढली.' मॅनेजर प्रेमराज साहेबांनी उभ्या उभ्या वाचला. "छान. आबांचा करार बंद."

एवढंच!

खरं तेच लिहिलं ना? मग डबा तसाच परत का आणला? 'डावलून' हा शब्द कशाला हवा होता? आबांना एकदा विचारलंसुद्धा नाही मी.

९ एप्रिल

भडगावला जाऊन आले. आबा बागेतल्या खाटेवरून उठले, पाणी दिलं, मग शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही फोनवर सांगं तसंच करं मी."

मला रागच आला. मी असं सांगेन? चौदा वर्षं हेच काम करतेय!

पानं काढणाऱ्या भिकुबाई मध्येच म्हणाल्या, "ऊन पडाना पहिलेच बठ्ठा पानं काढात, ताई! दुपारले एक बी नई तोडं. आते काय, आंगूरले टोप्या घालवा?"

"सगळी काढलीत ते दिसतंय! मी बाजूचं विचारतेय, बाई. वेळेचं नाही!"

आबांनी वेलीच्या खोडावर हात ठेवला. सात वर्षांची बाग. "करार नई, ते वेली ठेईसन काय करू? अकरा तारीखले जेसीबी ई ऱ्हायना. केळी लावसू."

परत येताना वाटेत एकच — आमच्यातलं कुणीतरी खोटं बोलतंय. आबा? त्यांना काय गरज?

१० एप्रिल

साहेबांना म्हटलं, फोनवर माझंच काही चुकलं असेल तर? म्हणाले, "लेखी आहे का काही? नाही ना? मग झालं, मॅडम."

घरी आले. शेवटी मागची पानं उलटली. ११ जानेवारी, माझंच अक्षर —

'हिलाल आबांना फोन. सांगितलं, सकाळची पानं काढा.'

सकाळची बाजू! लॅबमध्ये आम्ही उगवतीकडच्या बाजूला तसंच म्हणतो. 'बाजू' म्हटलंच नाही मी. त्यांनी सकाळीच काढली — सगळी.

लेखी आहे.

उद्या: जेसीबीच्या आधी आबांच्या बांधावर पोचणे — ही वही घेऊन.