दादाची लेखनिक

९ जानेवारी

ठरलं. मी यंदा बारावीला बसायचं नाही.

आजारी नाही, नापास नाही, हजेरीही कमी नाही — नियम आडवा आला! लॉच्या प्रवेश परीक्षेत दादाच्या शेजारी बसून प्रश्न वाचणारा आणि तो सांगेल ती उत्तरं लिहिणारा लेखनिक त्याच्यापेक्षा कमी शिकलेला लागतो. दादा बारावी झालाय. म्हणून मी व्हायचं नाही. बाबा म्हणाले, "एका वर्षाचाच तर प्रश्न आहे." ज्याचं वर्ष जात नाही त्याला ते एकच वाटतं.

गेल्या वर्षी परीक्षावाल्यांनीच लेखनिक दिला होता. कुणी एक जांभयाखोर. लांबलचक उतारे अर्धेच वाचायचा, पुन्हा वाच म्हटलं की सुस्कारे सोडायचा. दादाचा नंबर हुकला. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "पुढच्या वेळी रेडिओ येईल." रेडिओ म्हणजे मी. दहावीनंतर त्याची नजर पूर्ण गेली आणि त्याची पुस्तकं मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. हिला बंद करायचं बटण नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

मलाही लॉलाच जायचंय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आज ते कुणाला आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. भांडी मात्र जरा जोरात आपटली.

१० जानेवारी

आई सकाळपासून फारच गोड बोलतेय. म्हणजे मी बारावीला बसणार नाही, हा बाबांचा अर्ज कॉलेजात पोचला.

२ फेब्रुवारी

दुपारभर वाचन. घसा बसला.

या परीक्षेत कायद्याचे प्रश्न अजबच असतात. वर एक नियम देतात, खाली एक प्रसंग. नियम कितीही बिनडोक असला तरी तोच लावायचा. आजचा नियम — उशिरा येणाऱ्या कामगाराला त्या दिवसाची मजुरी नाही, कारण काहीही असो. प्रसंग — रस्त्यात पडलेल्या म्हातारीला दवाखान्यात पोचवून एक कामगार उशिरा आला. दादा क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "मजुरी नाही."

मी म्हटलं, अरे, असा कसा कायदा?

"रेडिओ, कायदा तू केलेला नाहीस. दिलाय तो धर. तुझं मत परीक्षेत कुणी मागितलेलं नाही."

मत मला घरातही कुणी मागितलेलं नाही. पण हे मी त्याला म्हटलं नाही. आता वाटतंय, म्हणायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी

बाबांचं दुकान कोर्टाच्या समोर. वकिलांचे काळे कोट शिवणं हाच धंदा. कुठला वकील कसा चालतो, कुणाचा एक खांदा उतरलाय, सगळं तोंडपाठ. दादा कोपऱ्यात बसून बटणं निवडतो — कोटाची वेगळी, बाहीची वेगळी — नुसत्या बोटांनी. त्यात तो चुकत नाही.

आज गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी एकदम दादाला उभं केलं आणि त्याची मापं घेतली. "कापड चांगलं आलंय, कापून ठेवतो," म्हणाले. मापं लिहून घेतली कुणी? मीच! पेन तर हातातच असतं माझ्या. छाती, खांदा, बाही. टेप गुंडाळून बाबांनी ड्रॉवरमध्ये टाकली आणि चहा सांगितला.

मला हेवा वाटतो त्याचा. इथे लिहायला काय हरकत आहे. आंधळ्या भावाचा हेवा वाटतो मला. झालं लिहून.

६ मार्च

बारावीचा पहिला पेपर झाला. मैत्रिणीचा फोन — "सोपा होता गं." हे मला सांगायची काय गरज होती!

१७ एप्रिल

क्लासमध्ये सराव परीक्षा. मी प्रश्न वाचते, तो उत्तर सांगतो, मी गोल भरते. पण हल्ली मी माझंही उत्तर मनात ठरवते आणि घरी येऊन पडताळून पाहते. दादापेक्षा माझे गुण जास्त! सलग तिसऱ्या वेळी. इंग्रजीत, चालू घडामोडींत तर तो माझ्या जवळपासही नाही. अर्थातच. मी डोळ्यांनी वाचते, पुन्हा तोंडाने वाचते, माझं दोनदा होतं.

कायद्याच्या प्रश्नांत माझे जातात थोडे. पण तिथे उत्तरं छापणाऱ्यांचंच डोकं फिरलेलं असतं.

क्लासचे सर दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यंदा नक्की." मग माझ्याकडे वळून — "आणि तू नीट वाचतेस हं." शाबासकी मिळाली बाई.

२ मे

परीक्षा कार्यालयात जाऊन हमीपत्रावर सही केली. उमेदवार सांगेल तेच लिहीन, स्वतःहून काही सुचवणार नाही, बदलणार नाही. खाली नाव, नातं, शिक्षण — अकरावी. "अकरावी" लिहिताना पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

४ मे

झाली परीक्षा.

आम्हाला वेगळी खोली. दोन बाकं, एक पंखा, एक पर्यवेक्षक बाई. त्या पहिला तासभर आमच्याकडे टक लावून बसल्या, मग विणकाम काढलं. दादाने घाम पुसला, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "चल."

मी वाचत गेले. अ, ब, क, ड. तो सांगत गेला. पहिला भाग छान झाला. दुसऱ्या भागात एका ठिकाणी तो चुकला. मला उत्तर पक्कं माहीत होतं, गेल्याच आठवड्यात मीच वाचून दाखवलं होतं त्याला! तो "अ" म्हणाला. मी "ड" भरलं. गोल कुठला भरला ते आवाजावरून कळत नाही.

एकदा केलं आणि मग सोपं झालं.

कायद्याच्या भागात चार ठिकाणी केलं. त्यातला एक मला आत्तासुद्धा तोंडपाठ आहे. नियम — दुसऱ्याच्या जागेत विनापरवानगी शिरणारा नुकसानभरपाईला बांधील, हेतू कोणताही असो. प्रसंग — शेजारच्या घरातून धूर येत होता, घरात कुणी नव्हतं, एका बाईने फाटक तोडून आत जाऊन गॅस बंद केला. घरमालकाने तिच्याकडूनच फाटकाचे पैसे मागितले. दादा म्हणाला, "ब. बांधील आहे." इतक्या थंडपणे! माझं डोकंच फिरलं. जिने घर वाचवलं तिच्याकडूनच पैसे? मी "क" भरलं. बांधील नाही.

चांगल्यासाठीच केलं मी. त्याचा नंबर लागावा म्हणून. हे खरं आहे. त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, हेही मला वाटत होतं. तेही खरं आहे.

बाहेर आल्यावर त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "आज मला वाटलं, मीच वाचतोय."

आणि तिथून सरळ सरांकडे! एकशेवीसच्या एकशेवीस उत्तरं त्याने क्रमाने सांगितली आणि सरांनी लिहून घेतली. मी शेजारी बसून सरबत प्यायले.

१२ मे

अधिकृत उत्तरं जाहीर झाली. सरांनी दादाच्या यादीवरून हिशेब केला. गेल्या वर्षीच्या शेवटच्या नंबरापेक्षा बरेच वर! सर स्वतः सांगायला घरी आले. बाबा दुकान अर्ध्यावर टाकून आले. आईने माझ्या गालाला हात लावून म्हटलं, "तुझंही वर्ष सार्थकी लागलं गं."

सगळे बाहेर बोलत असताना मी आत जाऊन माझी पाच उत्तरं पडताळली. एक माझं बरोबर, ते पहिलं. कायद्याची चारही चूक. दादाची चारही बरोबर होती. फाटकसुद्धा.

चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. बेरीज मला येते. करावीशी वाटत नाही.

२७ मे

निकाल. अडीच गुणांनी हुकला.

आई दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवर असते, तिथूनच तिने फोन केला आणि नुसती "बरं, बरं" करत राहिली. दादा एवढंच म्हणाला, "हे शक्य नाही."

२९ मे

भरलेल्या उत्तरपत्रिकेचा फोटो वेबसाइटवर टाकलाय. दादाचा फोन एरवी त्याला सगळं वाचून दाखवतो, पण फोटोपुढे त्याचंही काही चालत नाही. मग वाचणार कोण? रेडिओ.

मी वाचला. सगळा. त्या पाच ठिकाणी दादाने जे सांगितलं होतं तेच वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. वाचायचा सराव दांडगा आहे.

तो म्हणाला, "म्हणजे मोजणाऱ्यांनी माती खाल्ली. पावणेचार गुण कमी दिलेत मला." चेहरा असा उजळला त्याचा! तक्रार करणार. एक तारखेला सर येऊन उत्तरपत्रिका स्वतः बघणार आणि मग तक्रारीचा मसुदा.

त्याचा तो चेहरा मला नको होता बघायला.

३० मे

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, ऊन लागलं असेल.

३१ मे

सांगितलं.

दुपारी दुकानात. बाबा कापड आणायला गेले होते, दादा बटणं निवडत होता. सर उद्या येणार नसते तर सांगितलं असतं का? माहीत नाही. बहुतेक नसतं.

एका दमात सांगून टाकलं. त्याची बोटं थांबली नाहीत. फक्त विचारलं, "कुठले प्रश्न?" मी क्रमांक सांगितले.

"फाटकवाला?"

"हो."

"मी ब म्हटलं होतं."

"हो."

त्याने आणखी दोन बटणं डबीत टाकली. मग म्हणाला, "तुला वाटलं, मला कळत नाही."

नाही म्हणावंसं वाटलं. पण मला तसं वाटलं होतं, पाचही वेळा.

"तो जांभया देणारा बरा होता," दादा म्हणाला. "त्याला निदान माझी कीव येत नव्हती."

कीव नव्हती रे! हेवा होता. पण हे त्याला सांगून काय मोठा उजेड पडणार होता? उजेड! बघा, शब्दसुद्धा कुठला सुचतो मला.

रडले. त्याने रडू दिलं. समजूत काढली नाही. बाबा आले तेव्हा मी झाडू मारत होते.

१ जून

सर आले, त्यांनाही सांगितलं. घरात सगळ्यांसमोर. सर चष्मा काढून बसले. मग म्हणाले, एक मार्ग आहे. लेखनिकाने उत्तरं बदलली असं उमेदवाराने लेखी दिलं, तर त्याची परीक्षा पुन्हा घेतात. पण लेखनिकाला पाच वर्षं बंदी. लेखनिक म्हणून बसता येत नाही, उमेदवार म्हणूनही नाही.

आई म्हणाली, "तिला पुढच्या वर्षी बसायचंय." आज आठवलं तिला! सगळं संपत आल्यावर.

बाबा दादाला म्हणाले, "घरातली गोष्ट घरात राहू दे. तू पुन्हा बस पुढच्या वर्षी." दादा म्हणाला, "तिसऱ्यांदा? आणि लेखनिक कोण?"

मी म्हटलं, दादा ठरवेल ते. फार उदारपणे म्हटलं. मनात म्हणत होते — देऊ नकोस, देऊ नकोस.

२ जून

तो माझ्याशी बोलत नाही. वाचायलाही सांगत नाही. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

४ जून

अर्ज हातानेच लिहावा लागतो. दादाने सांगितला, मी लिहिला. माझं पूर्ण नाव, नातं, पाचही प्रश्नांचे क्रमांक. "हेतुपुरस्सर" म्हणाला, तेही लिहिलं. कुठे सही करायची ते दाखवलं, त्याने केली.

"वाच."

वाचला.

"काही बदललंस?"

"नाही."

त्याने अर्जाची घडी घालून पाकिटात सरकवली. मग म्हणाला, "या वेळी बदललं असतंस तरी चाललं असतं." आणि पाकीट माझ्याच हातात दिलं.

टाकून आले.