राहत्या खोलीची कारखाना म्हणून नोंद व्हावी

प्रति,
मा. कारखाने निरीक्षकसाहेब,
विभाग क्र. ४ यांचे कार्यालय.

विषय : चिंचवड येथील राहत्या खोलीची कारखाना म्हणून नोंद करून तातडीने तपासणी होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. ३ जून १९७४ चे पत्र (‘निवासी जागा या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’).

महोदय,

१. अर्जदार सौ. वासंती श्रीपाद केळशीकर, वय २६, बी. ए., ही चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीत खोली नं. ७ मध्ये पती, सासूबाई व मुलगी नीलिमा यांच्यासह राहते. पती कंपनीत शिफ्टला असतात. चाळीमागे रणवृत्त प्रकाशनाचा छापखाना असून तेथे पलटणींचे व लढायांचे इतिहास छापले जातात. पुस्तक छापून झाले की त्यातले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा आपापल्या खणात लावावी लागतात. त्याशिवाय पुढचे पुस्तक जुळवता येत नाही. जानेवारीत एकाहत्तरच्या लढाईवरील ग्रंथाची घाई झाली, तेव्हा मालक सुभेदार (निवृत्त) जयसिंगराव यांनी हे काम गोण्या भरून चाळीतल्या बायकांकडे दिले. अर्जदाराने आढेवेढे घेतले. तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, या खिळ्यांत ज्यांची नावं आहेत, ती पोरं घरी आली नाहीत. तुम्ही शिकलेल्या. नाही म्हणू नका.” अर्जदाराने गोणी आत ओढून घेतली.

२. अर्जदार मुलीच्या बाबतीत हयगय करणारी नव्हे. पाणी उकळून, दूध पारखून, बाहेरचे काही द्यायचे नाही. चाळीत त्यावरून तिला हसतात. परंतु नीलिमा मांडीशी बसून खिळे ओळखू लागली, तेव्हा अर्जदारास कौतुकच वाटले. खिळ्यावर अक्षर उलटे असते. पोर उलटेच शिकली. पुस्तकातला सरळ ‘क’ दाखवला की मान हलवून नाही म्हणे. घरातले सगळे हसत. ओळखलेला खिळा ती तोंडात धरून बसे. हे अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे व रोज पाहिले आहे.

३. एप्रिलपासून मुलीचे पोट दुखू लागले, अन्न ठरेना. जंतांचे औषध झाले, दृष्ट काढून झाली. मग येत होते ते शब्द एकेक करून गेले. ‘आई’ सर्वांत शेवटी गेला. दि. २१ मे रोजी झटके आले. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, घरात शिसे आहे का. उत्तर द्यावे लागले नाही. मुलीच्या मुठीतला खिळा त्यांनीच सोडवून घेतला.

४. जयसिंगरावांना हे कळवले असता ते म्हणाले, त्यांची माणसे वीस वर्षे खिळे हाताळत आहेत. “पोरीला चोखायला मी सांगितलं होतं का?” त्यांनी सांगितले नव्हते, हे खरे आहे. अर्जदाराने मग शेजारच्या तीन घरी जाऊन गोण्या परत करण्याची विनवणी केली. शालनबाई म्हणाल्या, “आमची पोरं न्हाई घालत तोंडात. तुमची लाडाची हाय.” त्यांच्या धाकट्याचे पोट गेल्या आठवड्यापासून दुखत आहे. पुढच्या खंडासाठीच्या गोण्या सोमवारी, दि. १७ रोजी यायच्या आहेत.

५. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी समजुतीने सांगितले, “बाई, दहा माणसं आणि वीज असेल तर कारखाना. कुणाच्या स्वयंपाकघरात साहेब कसे शिरतील?” म्हणून अर्जदाराने कायद्याचे पुस्तक मिळवून वाचले. मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसे कामावर असली तरी पुरते, असे त्यात आहे.

६. तरी कळविण्यात येते की, दि. १० मे रोजी काम उरकण्यासाठी चारही घरच्या बायका अर्जदाराच्या खोलीत जमल्या, कारण टेबलपंखा तेवढा तिच्याकडे आहे व धुतलेले खिळे त्याखाली लवकर वाळतात. म्हणजे वीज होती. अर्जदार, सासूबाई, शालनबाई व त्यांची दोन मुले, चिमाबाई व त्यांची मुलगी, रंभाबाई व त्यांची जाऊ हे नऊ. दहावी नीलिमा, वय दोन वर्षे दहा महिने. काम : खिळे ओळखून देणे.

७. सबब, खोली नं. ७ ची कारखाना म्हणून नोंद करावी व मालक म्हणून अर्जदाराचे नाव घालावे. लहान मुलांना कामास लावल्याचा खटला तिच्यावर भरावा. गुन्हा कबूल आहे, वकील देणार नाही. मात्र त्यासाठी आपण सोमवारपूर्वी खोलीत यावे, चारही घरच्या गोण्या जप्त कराव्यात आणि त्या कोठून आल्या, ते सरकारी कागदावर लिहून घ्यावे.

८. तपासणीच्या वेळी दहावी कामगार गैरहजर आढळेल. ती रुग्णालयात आहे व केव्हा येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. तेवढ्यावरून संख्या नऊ धरून हा अर्ज निकालात काढू नये.

आपल्या येण्याकडे डोळे लावून असलेली,
सौ. वासंती श्रीपाद केळशीकर
चिंचवड, दि. १२ जून १९७४

सोबत : रुग्णालयाचा दाखला, दि. १० मे रोजी हजर असलेल्या कामगारांची नावे, वयासह.